लोखंडाचं औषध आणि माझे काळे दात

माझे यजमान विषमज्वराने गेले, त्याला तीन वर्षं होत आली. त्यांच्यामागे मी आजारी पडले, पण ते आजारपण कुणाला आजारपण वाटलंच नाही. मलाही नाही. नवरा गेलेली बाई खंगते, पांढरी पडते, तिला घास जात नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून कुणी काही विचारत नाही. असंच एखाद्या घरी चाललेलं असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. वैद्यकीतलं मला काही कळत नाही. माझ्या अंगावरून जे गेलं तेवढंच सांगेन.

पेन्सिली

आमचं घर अंथुर्ण्याला, कालव्याच्या खालच्या अंगाला. शेतात कांदे, वांगी, घेवडा आणि मोसंबीची थोडी झाडं. शेत धाकटे दीर ज्ञानोबा पाहतात. यजमान लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. मी बारामतीची, मराठी सातवीपर्यंत शिकलेली. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि माझी मुलगी तारा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

ते गेल्यावर मी रात्रीचं जेवण सोडलं. आमच्यात विधवेला इतका कडक नेम नाही. कुणी सांगितलंही नव्हतं. संध्याकाळी ताटावर बसलं की त्यांची जागा दिसायची, म्हणून उठायची, आणि पुढे तोच नेम झाला. आत्याबाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी एक धरून ठेवलं, चहा. आमच्या घरात चहा यजमानांनी आणला. शाळेतून आले की त्यांना कपभर लागायचा. ते गेले तरी त्या वेळेला आत्याबाईंची चूल पेटायची, गुळाचा चहा व्हायचा आणि तो माझ्या पुढ्यात यायचा. आम्ही दोघी काही न बोलता पीत असू.

पहिलं वर्ष असं गेलं. मग विहिरीवरून घागर आणताना दम लागू लागला. आधी एकदा थांबायची, मग दोनदा, मग घागर अर्धीच भरू लागले. कानात सारखा कालव्याच्या पाण्यासारखा आवाज. ओठांचे कोपरे फाटले. नखं इतकी बसकी झाली की त्यांच्यावर पाण्याचा थेंब थांबे. पुस्तक वाचायला घेतलं की ओळी हलत. आणि एक गोष्ट मी लपवून करत होते. यजमानांच्या पेटीत पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा होता. त्या मी खात असे. का, ते मला सांगता येत नव्हतं. जेवणाची वासना नव्हती, पण पेन्सिलीच्या वासाने तोंडाला पाणी सुटे.

ताराने ते काकाला सांगितलं. ज्ञानोबा भाऊजी दारातच हसू लागले.

"वैनी, म्हास्तर पोरास्नी पेन्सिलीनं शिकवायचं, तुमी तर पेन्सिलीच खाऊन टाकाय लागला व्हय?"

मी मान खाली घातली. त्यांचं हसू थांबलं. ते जवळ येऊन माझ्या हातांकडे पाहत राहिले.

"आये, हिकडं बघ गं. वैनीचं हात बघ. चुना लावल्यागत झाल्यात. उद्या मी गाडी जुपतो, बारामतीला दावून आणू."

"दुक्कानं झालंय त्ये," आत्याबाई आतून म्हणाल्या. "दुक्काला काय डाक्तर करनार?"

"न करू दे. बघंल तरी."

टिपकागद

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर वयस्कर होते. माझ्याशी बोलताना ते कधी माझ्याकडे आणि कधी आत्याबाईंकडे पाहत, त्यामुळे संकोच वाटला नाही. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. महिन्याच्या अडचणीविषयी नर्सबाईंनी पडद्याआड विचारलं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. यजमान गेल्यापासून अंगावरून फार जात होतं आणि मला ते चारचौघींसारखंच वाटत होतं. पोटात जंत आहेत का तेही तपासलं. नव्हते.

मग डॉक्टरांनी माझ्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला आणि एका पुठ्ठ्यावरच्या लाल पट्ट्यांशेजारी धरला. पहिली पट्टी गडद, मग एकेक फिकी होत जाणारी. माझा थेंब अगदी शेवटच्या पट्ट्यांजवळ आला. रंग उडालेल्या लुगड्याच्या काठासारखा.

"बाई, हे तुमचं रक्त," ते म्हणाले. "यात लोखंड उरलेलं नाही. बाहेर जातंय जास्त आणि आत येत नाही."

"पर डाक्तरसायेब," आत्याबाई म्हणाल्या, "तिचा मालक गेलाय. त्येच्यानं झालंय."

"आजी, मालक गेल्याचं दुःख झालंच असणार. त्यावर माझ्याकडे औषध नाही. याच्यावर आहे."

मी तिथेच बाकावर बसून राहिले. दीड वर्षभर मला वाटत होतं की हा दम, ही चक्कर, हे काही नकोसं वाटणं म्हणजेच त्यांचा वियोग. ते बरं झालं तर मी त्यांना विसरले असं होईल, अशी मनात कुठेतरी भीती होती. आता कुणीतरी त्यातला एक भाग उचलून बाजूला ठेवत होतं. मला हलकं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

कंपाउंडरने तांबूस औषधाची बाटली दिली. बाटलीवर मापासाठी दातेरी कागदाची पट्टी चिकटवलेली. एका वेळी एकच माप, जेवणानंतर, पाण्यातून. दातांना लागू नये म्हणून काचेच्या नळीने प्यायचं. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. एवढं सांगून त्यांनी नळी कागदात गुंडाळून दिली. ती घरी पोचण्याआधी बैलगाडीतच फुटली.

दातवण

नळी फुटली त्याचं कुणाला काही वाटलं नाही. औषध असं पोटात गेलं काय आणि तसं काय. पण चव फार वाईट होती. खिळा चोखल्यासारखी, आणि जिभेवरून जायची नाही. मला उमासे येत. आत्याबाईंना माझे हाल बघवेनात. त्यांनी उपाय काढला. दुपारचं माप मी चहाच्या वेळेला घ्यावं आणि वरून लगेच गरम चहा प्यावा. चव मोडायची. पुढे पुढे तर त्या माप चहातच ओतून देत. चहा फार काळा दिसायचा, पण गुळाचा चहा काळाच असतो.

महिन्याभरात माझे दात काळे झाले.

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं, की आमच्या बाजूला जुन्या बायका दातवण लावतात. हिरडा, मायफळ, हिराकस कुटून केलेली ती काळी पूड. सुवासिनीने लावायची. शहरात ते मागे पडलं, गावात आहे. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही जातं.

विहिरीवर आमच्या शेजारच्या सोनाबाई होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तशी त्यांनी घागर खाली ठेवली.

"अगं बया! अनसूये, दातवण लावलंस का काय?"

"औषधानं झालंय, काकी."

"व्हय, व्हय. औषिदच आसंल. कपाळ मोकळं आन दात रंगवायचं औषिद! कुटं मिळतं गं? आमाला बी सांग."

बाकीच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी अर्धी घागर घेऊन निघाले. घरी पोचण्याआधी ती गोष्ट आत्याबाईंपर्यंत पोचली होती.

चुलीतली राख आणि मीठ घेऊन त्यांनी स्वतःच्या बोटाने माझे दात घासले. हिरड्यांतून रक्त आलं तरी काळेपणा जाईना. शेवटी त्यांनी बाटली उचलून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली.

"ऱ्हाऊ दे त्ये. फरक बी काय पडंना. माज्या लेकाच्या मागं लोकांनी त्येच्या बायकूला हासावं, हे मला न्हाय बघवत."

मलाही ते बघवत नव्हतं, आणि फरक पडत नाही हे तर खरंच होतं. मी औषध सोडलं. चहा चालू राहिला.

कालव्याचा भराव

दोनेक महिन्यांनी मी ताराला घेऊन कालव्याच्या भरावावरून येत होते. पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. तिचा हात माझ्या हातात होता. एकाएकी सगळं पिवळं झालं. पुढचं मला आठवत नाही. मला जे आठवतं ते शुद्धीवर आल्यावरचं. तारा माझा पदर मुठीत धरून पाण्याच्या कडेला बसली होती आणि सोनाबाई धुण्याचा पिळा टाकून धावत येत होत्या. त्यांनी ताराला कडेवर घेतलं, मला दुसऱ्या हाताने उठवलं, आणि घरापर्यंत मला शिव्या देत आणलं.

"पोरगी पान्यात गेली आसती म्हंजी? आं? मरायचं तर घरात मर की गं भवाने!" असं म्हणता म्हणता त्या रडत होत्या.

त्या दिवसापर्यंत जगण्या-मरण्याचं मला विशेष काही वाटत नव्हतं, हे खरं ते लिहिते. त्या दिवशी वाटलं. माझा हात सुटला होता आणि पाणी तिथेच होतं. ताराला बाप नाही, आई पण अशीच भरावावर पडून जाणार का, एवढा एकच विचार डोक्यात राहिला.

आत्याबाईही हादरल्या. त्यांनी गोठ्यातून बाटली काढली. इतके दिवस चुकले ते एकदम भरून काढू, असा त्यांचा हिशेब. वाटीभर औषध त्यांनी मला पाजलं आणि तासाभराने आणखी. मी मुकाट्याने प्यायले. मलाही जगायची घाई झाली होती.

मग पोटात असा पीळ पडला की मी जमिनीवर लोळले. ओकाऱ्या थांबेनात. ज्ञानोबा भाऊजींनी गाडी जुंपली. ताराला सोनाबाईंनी ठेवून घेतलं.

दवाखान्यात

डॉक्टरांना इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. किती प्यायले ते विचारलं, बाटली उजेडात धरून पाहिली.

"हे लोखंड आहे, आजी. सरबत नाही. चुकलेलं माप चुकलं. ते दुसऱ्या दिवशी जोडून द्यायचं नसतं. मोठी बाई होती म्हणून निभावलं. लहान लेकरू एवढं प्यायलं असतं तर मी काही करू शकलो नसतो."

आत्याबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

पहिले दोन-तीन दिवस नुसतं पातळ पेज आणि दूध. औषध बंद. त्या दिवसांतली भीती वेगळीच होती. आता औषधही चालणार नाही, मग काय, ही. शौचाला काळं होईल हे सांगितलेलं असूनही, ते पाहून मला वाटलं आतडी फाटली. नर्सबाईंना कसंबसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लोखंडाने तसंच होतं. डांबरासारखं चिकट झालं, लाल दिसलं, तर मात्र मला हाक मारा." आणि त्या स्वतः येऊन पाहून गेल्या. ती बाई मला जन्मभर आठवेल. असल्या गोष्टीला नाक न मुरडता पाहून, "बरं आहे, झोपा," असं म्हणणारं माणूस मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

सकाळी फरशी धुवायची, फिनेलचा वास यायचा, मग तापाची नळी, मग डॉक्टरांची फेरी. आमच्या खोलीत चार खाटा. दुपारी बाहेरच्या आवारात सगळ्यांच्या नातलगांच्या चुली पेटायच्या. आत्याबाईही तीन दगड मांडून भाकरी थापत. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई आणि त्या एकमेकींना पीठ-मीठ देत. मी नुसती पडून ऐकत असे. फार दिवसांनी मला नुसतं पडून राहण्याचा हक्क होता.

चौथ्या की पाचव्या दिवशी औषध पुन्हा सुरू झालं, पहिल्याहून कमी. आवारात पपईचं झाड होतं. नर्सबाईंनी तिच्या पानाचा पोकळ देठ कापून आणला. "काचेची नळी कशाला, ही फुटत नाही," म्हणाल्या. देठ जिभेवर मागे ठेवून प्यायलं तर दातांना लागत नाही आणि चवही कमी लागते. मी पीत होते तेवढ्यात आत्याबाई वाफाळता चहा घेऊन आल्या. डॉक्टर दारात उभे होते.

"आजी, हा चहा रोज असाच देत होता? औषधावर?"

"व्हय की. कडू हाय म्हून. कवा कवा त्येच्यातच घालून."

डॉक्टरांनी आत्याबाईंच्या हातातला कप घेतला, दूध न घातलेला चहा होता, आणि माझ्या बाटलीतलं औषध थोडं त्यात ओतलं. लालसर चहा बघता बघता काळा झाला. कपाचा तळ दिसेना.

"अगं बया," आत्याबाई म्हणाल्या, "ही तर शाई झाली."

"तुमच्या दातवणात हिराकस असते ना? तेही लोखंडच. हिरड्याशी मिळालं की काळं होतं. चहातही तसलाच तुरट अंश असतो. तो लोखंडाला धरून ठेवतो. दात काळे होतात आणि रक्तात काही उतरत नाही."

आत्याबाई कपाकडे पाहत राहिल्या.

"म्हंजी माज्या सुनंचं दातवण मीच कालवत हुते व्हय," त्या म्हणाल्या. आधी त्या हसल्या. मग खाटेच्या कडेला बसून पदर तोंडाला लावला. "माज्या लेकाला च्या लई आवडायचा वो, डाक्तर. त्येच्या वक्ताला मी हिला देत हुते. आता त्यो बी बंद करू का?"

डॉक्टरांनी कप खिडकीत ठेवला.

"बंद कशाला करता? औषध दुपारच्या जेवणामागे द्या, लिंबू पिळलेल्या पाण्यातून. चहा लेकाच्या वेळेलाच द्या. दोन्हींमध्ये भरपूर वेळ जाऊ द्या, म्हणजे झालं. आणि बाई, रात्रीचं जेवण?"

मी खाली पाहिलं.

"ते माझ्या औषधाच्या बाटलीत मावत नाही," ते म्हणाले.

घरी

घरी आल्यावर पहिल्या दिवशी सोनाबाई ताराला घेऊन आल्या. आत्याबाईंनी त्यांना बसवलं, चहा पुढे ठेवला, आणि त्या प्यायला जाणार तोच माझ्या बाटलीतले चार थेंब त्यात टाकले.

"बघ. बघितलंस? आता पी."

"आगं आगं! काय घातलंस गं? म्या न्हाय पीत. माजं दात चांगलं हायती."

"मग आता ठेवशील का नाव माज्या सुनंला?"

"न्हाय बाई. पर कप तरी दुसरा दे, आलेय तवा." आणि आम्ही तिघीही हसलो. माझे काळे दात घेऊन मी हसले. तो काळेपणा पुढे हळूहळू निघाला, थोडी कड अजून आहे.

जाताना सोनाबाईंनी हळूच विचारलं. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते आणि तिलाही चालताना दम लागत होता. "तुमच्या बाटलीतलं वाईच दे की."

"न्हाय द्यायची," आत्याबाई ठाम म्हणाल्या. "तिला घिऊन जा बारामतीला. तिचा डोळा बघून डाक्तर सांगतील. म्या एकदा आपल्या मनानं वाटी भरली, आता न्हाय भरत."

सून बारामतीला जाऊन आली, तिलाही औषध मिळालं. आता तिचा मुलगा रांगतो आहे.

पुढे डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या, वरून साखरेचं पांघरूण असलेल्या. तारा म्हणे, "आई, मला गोड गोळी." त्या दिवसापासून डबी माळवदाखालच्या उंच खुंटीला, झाकण दोऱ्याने बांधून. वाचणाऱ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवावं. जे मला वाचवतं ते तिला मारू शकतं, आणि ते गोड लागतं. बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी पाणी भरपूर प्यावं आणि डॉक्टरांना सांगावं, आपल्या मनाने सोडू नये. बरं वाटू लागलं म्हणूनही सोडू नये. मला महिन्याभरात दम कमी झाला, तेव्हा मी विचारलं की पुरे का. डॉक्टर म्हणाले, विहिरीला पाणी आलं म्हणजे विहीर भरली असं नाही. आणखी काही महिने घ्यायला लावलं आणि मग त्यांनीच थांबवलं. जेवणात माठ, तांदुळजा, हुलगे, बाजरी. कधी अळीव. भाजी लोखंडी कढईत. हे सगळं आमच्या शेतात आणि घरात आधीपासून होतं. मी फक्त खात नव्हते.

रात्री आत्याबाई माझं ताट त्यांच्या ताटाला लागून वाढतात. पहिल्या दिवशी मी उठायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"बस. मला बी त्येची जागा दिसती. आपुन दोगी बगून जेवू."

शेवटची तपासणी

अलीकडे पुन्हा बोट टोचून घेतलं. टिपकागदावरचा थेंब डॉक्टरांनी पट्ट्यांवरून सरकवत नेला आणि बराच वर थांबवला. त्यांनी मान हलवली. ज्ञानोबा भाऊजी म्हणाले, "आता पेन्सिली परत घ्याव्या लागतील, शाळंला कमी पडल्यात," आणि डॉक्टरही हसले.

पेन्सिलींची वासना केव्हाच गेली. उरलेला पुडा मी ताराला दिला. ती आता अक्षरं काढते. परवा दुपारी ती यजमानांच्या पेटीजवळ बसली होती. तिने पाटीवर त्यांचं नाव लिहून मला दाखवलं. वळण त्यांच्यासारखंच, उजवीकडे झुकलेलं. तिला ते कुणी शिकवलं नाही.

मी तिथेच बसले आणि रडू लागले. ते गेल्यानंतर अशी मी रडलेच नव्हते. तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं आणि दोन हुंदक्यांत छाती धडधडून मी आडवी पडायची. परवा मी मोठ्याने रडले, त्यांचं नाव घेऊन रडले. आत्याबाई पीठ मळता मळता आल्या, पिठाच्या हातांनीच माझ्या शेजारी बसल्या आणि त्याही रडल्या. तारा पाटी घेऊन आमच्याकडे पाहत होती. तिला मी जवळ घेतलं.

पुष्कळ वेळाने आम्ही थांबलो. आत्याबाई भाकरीला गेल्या. मी ताराला कडेवर घेतलं, उठले, आणि तिला घेऊन विहिरीवर गेले, तोंड धुवायला. तिथे पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की इतकं रडून, तिला उचलून, एवढं चालून मला दम लागला नव्हता.